घरी थांबणारं माणूस

रोशनीच्या लग्नपत्रिकेत एकूण एकेचाळीस नावं होती. त्यातल्या चाळीस नावांआधी काय लिहायचं ते ठरलेलं होतं. आमच्याकडच्या बौद्ध पत्रिकांमध्ये जिवंत माणसाच्या नावाआधी 'आयु.' लागतं, म्हणजे आयुष्मान किंवा आयुष्मती, आणि गेलेल्याच्या नावाआधी 'कालकथित'. एकेचाळिसावं नाव वडिलांचं होतं. 'हरिदास गोमाजी नगराळे यांची ज्येष्ठ कन्या' या ओळीच्या सुरुवातीला प्रेसवाल्या विवेकभाऊंनी कॉम्प्युटरवर रिकामी जागा सोडली होती आणि तिथे कर्सर लुकलुकत होता.

"बाबायच्या आंधी का टाकू, मॅडम?" त्यांनी विचारलं.

वर्ध्यातल्या ज्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मी काम करते, तिचे कोरे फॉर्म याच प्रेसमध्ये छापले जातात, म्हणून ते मला ओळखत होते. बाबांबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं. काहीच नाही टाकलं तर चालेल का, असं मी विचारलं. ते हसले. म्हणाले, लोक माझीच चूक काढतील. मग त्यांनी गेल्या वर्षीची गोष्ट सांगितली. एका पत्रिकेत त्यांनी चुकून नवरीच्या जिवंत मामाला कालकथित केलं होतं, तर मामा स्वतः पत्रिका घेऊन प्रेसवर आला, समोरच्या खुर्चीत बसून चहा प्यायला आणि म्हणाला, मले कोनं मारलं त्याले बोलवा.

मीही हसले. मग पेन घेतलं आणि प्रूफवर, त्या रिकाम्या जागी, नीट अक्षरात 'कालकथित' लिहिलं. घरी दाखवून उद्या सकाळी नक्की करते, असं सांगून निघाले.

असं का लिहिलं ते सांगायला हवं.

बाबा बारा डिसेंबर दोन हजार सातला घरून गेले. त्या वर्षी समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात कमानीच्या नावावरून वाद झाला आणि एका रात्रीत आमच्या लोकांची अकरा घरं जाळली गेली. बाबा एका संघटनेचं काम करायचे. त्यांचं अक्षर चांगलं होतं, म्हणून जळालेल्या घरांतल्या माणसांचे जबाब लिहून घेण्याचं काम त्यांच्याकडे आलं. कोणी काय पाहिलं, कोणाच्या हातात काय होतं, कोणत्या पक्षाची गाडी होती, हे सगळं ते एका वहीत लिहायचे. आमच्या घरी दोनदा अनोळखी माणसं येऊन, वही कुठे आहे, असं विचारून गेली होती. त्या दिवशी बाबा सकाळी आमच्या गावाहून, आंजीहून निघाले. वर्ध्याला बस बदलली. जामच्या फाट्यावर उतरले, ते कंडक्टरनं पाहिलं. तिथून त्यांना त्या जळालेल्या गावाकडची गाडी धरायची होती. पोलिसांच्या कागदात कंडक्टरच्या जबाबानंतर एक वाक्य आहे: 'पुढील माहिती उपलब्ध नाही.' वहीही नाही. मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि रोशनी अकरा.

नागपूरला वकील केला होता. मी आईबरोबर गेले होते. वकिलांनी आईला विचारलं, जामला कोणी काही पाहिलं का, एखादा दुकानदार, एखादा प्रवासी. आई म्हणाली, कोणी नाही. त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज थोडा चढला होता, कारण साक्षीदार नसेल तर अर्जात काही दम राहत नाही, असं ते म्हणाले. आई खाली फरशीकडे पाहत होती. अर्ज दीड वर्ष चालला. शेवटी कागदावर एवढंच आलं, की या नावाचा माणूस कोणाच्याही ताब्यात नव्हता.

तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे. कोणीतरी घरी थांबायचं. हा नियम आईनं कधी समजावून सांगितला नाही, पण तो अगदी काटेकोर आहे. तिघींपैकी एक घरी हवीच. आई अंगणवाडीत मदतनीस आहे. अंगणवाडी चार घरं सोडून आहे आणि तिच्या दारातून आमचं दार दिसतं, म्हणून तिथे जाणं बाहेर जाण्यात धरत नाही. पिठाची गिरणी वळणापलीकडे आहे, म्हणून ती धरतात. आमच्या घराला कुलूप नाही. हरवलेलं नाही, आणलेलंच नाही. माझ्या पदवीदान समारंभाला रोशनी आली, आई घरी राहिली. रोशनीच्या साखरपुड्याला कारंजाला आई गेली, मी घरी राहिले. आजी वारली त्या दिवशी वर्ध्याला आम्हा दोघींचीही परीक्षा होती, आणि आई तिच्या स्वतःच्या आईच्या मातीला गेली नाही.

आणि बाहेरून कोणीही आलं की दारात चप्पल काढतानाच विचारायचं, कोणी आलं होतं का. घरी असलेलीनं म्हणायचं, नाही. मी लहानपणी हे रोज करायचे, इतर मुली देवापुढे दिवा लावतात तसं. त्यात काही दुःख असतं हे मला फार उशिरा कळलं.

लग्न नऊ फेब्रुवारीला, रविवारी दुपारी, वर्ध्याच्या हॉलमध्ये ठरलं. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी भाजी निवडताना आई म्हणाली, "तुमी सगळे जा. मी हाये घरी." बाजाराला निघालेल्या माणसांना सांगावं तसं सांगितलं. रोशनी उठून आत गेली आणि दोन दिवस आईशी बोलली नाही. अंकुशकाकांनी समजावून पाहिलं. शेजारच्या मनकर्णाबाई म्हणाल्या, मी बसतो दिवसभर तुमच्या ओट्यावर. आई त्यांना म्हणाली, तुमी या गावात पाच वर्षांपासून हाये बाई, तुमाले त्यायचा चेहरा ओळखू येईन का? मला तरी ओळखू येईल का, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. बाबा असले तर आता अठ्ठावन्न वर्षांचे असतील. माझ्या डोक्यात एक्केचाळीस वर्षांचा माणूस आहे, आणि त्यातलाही बराचसा भाग फोटोंवरून आला आहे.

म्हणून मी तो शब्द लिहिला. तो चारशे पत्रिकांवर छापून आला, नातेवाईकांनी वाचला, कोणी काही म्हटलं नाही, की आईच्या मनातला नियम आपोआप संपेल आणि ती मुलीच्या लग्नाला येईल, असा माझा हिशोब होता. बाबा जिवंत असण्याची शक्यता किती, याचाही अंदाज मी कधीच करून ठेवला होता. तो आकडा कोणाला सांगण्यासारखा नाही.

संध्याकाळी आईनं प्रूफ हातात घेतलं. ती बोट ठेवून वाचते, एकेक नाव, घाई न करता. त्या ओळीवर बोट थांबलं.

"हे प्रेसवाल्यानं लिवलं का?"

"नाई. मी लिवलं."

"तू पाह्यलं का त्यायले?"

मी म्हटलं, सतरा वर्षं झाली आई. कायदासुद्धा सात वर्षांनंतर माणूस गेलेला मानतो. कागदोपत्री कुठेतरी संपवावंच लागतं. मी बरंच बोलले. तिनं बोलू दिलं.

"ते नाई इचारलं मी. तू पाह्यलं का?"

"नाई."

"मंग त्या बोअरच्या पान्याचा रिपोर्ट तू असाच देतं का? न पाह्यता?"

नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी एका नमुन्याच्या अहवालात फ्लोराइडपुढे 'नाही' असं लिहिलं होतं. आमच्या प्रमुख बाईंनी तो अहवाल परत केला. त्या म्हणाल्या, आपल्या यंत्राला एका मर्यादेखालचं दिसत नाही. त्याखाली काही असेल किंवा नसेल, आपल्याला माहीत नाही. म्हणून 'आढळले नाही' असं लिहायचं, आणि बाजूला यंत्राची मर्यादा लिहायची. त्या दिवशी घरी येऊन, आई भाकरी थापत असताना, मी हे तिला मोठ्या अभिमानानं समजावून सांगितलं होतं. ती हूं हूं करत होती. ऐकत नसेल असं मला वाटलं होतं.

मी तो शब्द खोडला. पत्रिकेत तिसरा शब्द नसतो, म्हणून वर 'आयु.' लिहिलं. मग जे ओघानं येत होतं तेही बोलले.

"मी राह्यतो घरी. तू जाजो लग्नाले."

"तू लहान बहीन हाये तिची."

"तू माय हाये."

आईनं तेव्हा हो म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपली लग्नाकार्याची पांढरी साडी उन्हात टाकत होती, त्यावरून कळलं. रोशनी मात्र माझ्यावर चिडली. आईला वेड लागलंय, तू कशाला तिच्या वेडात पडतं, असं ती म्हणाली, आणि मग बराच वेळ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली.

पत्रिका छापून आल्या. आई नावं सांगत गेली आणि मी पाकिटांवर लिहीत गेले. मध्येच तिनं सांगितलं, "अण्णाजी, चहावाले, जाम." हे कोण, असं मी विचारलं. ओळखीचे हायत, असं म्हणून ती पुढच्या नावाकडे गेली. काका दोन दिवसांनी त्या बाजूला जाणार होते, त्यांच्याकडे ते पाकीट दिलं.

नऊ तारखेला दहा वाजता सगळे निघाले. रोशनी पांढऱ्या साडीत गाडीत बसली आणि काच खाली करून म्हणाली, व्हिडिओ कॉल लावते, फोन चार्ज करून ठेव. आई पुढच्या सीटवर बसली होती. गाडी वळेपर्यंत तिनं दोनदा मागे वळून घराकडे पाहिलं. रस्त्यावर धूळ बसली. लग्नघर इतकं गप्प झाल्यावर काय करायचं हे मला कळेना. मी अंगण झाडलं. ते सकाळीच झाडलेलं होतं. मग मी ओट्यावर बसले. नेहमी आई बसते तिथून रस्ता कसा दिसतो ते मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. डावीकडे निंबाच्या झाडापर्यंत साधारण दीडशे पावलं. येणारा माणूस आधी फक्त चालीवरून कळतो, चेहरा मागून येतो.

अकराच्या सुमारास एक माणूस निंबाजवळून येताना दिसला. साठीच्या आसपासचा, वाळका, पांढरा सदरा, हातात प्लॅस्टिकची पिशवी. चाल सावकाश होती आणि तो घरं पाहत येत होता, बऱ्याच वर्षांनी आलेला माणूस पाहतो तशी. आमच्या फाटकाशी तो थांबला. फाटकावर हात ठेवून घराकडे पाहत राहिला. मी उठून उभी राहिले होते. बाबांच्या हरवल्याच्या सूचनेत लिहिलं आहे: उंची पाच फूट सहा इंच, डाव्या भुवईवर जुनी खूण. मी त्याची डावी भुवई पाहत होते, हे नंतर माझ्या लक्षात आलं. खूण नव्हती.

"हरिदासभाऊ हायत का घरी?" त्यानं विचारलं.

हा प्रश्न मी जन्मात ऐकला नव्हता, असं नाही. आठ वर्षांची होईपर्यंत रोजच कोणीतरी विचारायचं. पण नंतर कोणीच नाही. मी म्हटलं, नाहीत. तो म्हणाला, निघाले का हॉलवर? मी आंधी भेटाव म्हनलं होतं, गर्दीत कसं बोलाव, पन पयली एस.टी. हुकली. मग त्यानं पिशवीतून पत्रिका काढली. "मी अण्णाजी, जामचा. पत्रिकेत आयु. लिवलं हाये. मी म्हनलं, आले."

मी सांगितलं, की ते आलेले नाहीत. गेलेत असंही आम्हाला कळलेलं नाही, म्हणून तसं छापलं आहे. अण्णाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग पत्रिकेकडे. ते ओट्याच्या पायरीवर बसले. मी पाणी आणलं. चहा ठेवते म्हटलं, तर हातानं नको म्हणाले.

बारा वाजून गेले तरी ते पत्रिका हातात धरून बसून होते. मग फोन वाजला. काकांनी हॉलमधून व्हिडिओ कॉल लावला होता. मी फोन ओट्याच्या खांबाला टेकवला आणि आम्ही दोघांनी पायरीवर बसून ते लग्न पाहिलं. वंदनेचा आवाज चित्राच्या मागून येत होता. रोशनी आणि नवरदेव हात जोडून उभे होते. पहिल्या ओळीत आई होती, खुर्चीच्या अगदी टोकावर बसलेली. सगळे समोर पाहत होते आणि ती मधून मधून हॉलच्या दाराकडे पाहत होती.

"त्या हायत न?" अण्णाजींनी विचारलं. मी हो म्हटलं.

"तशाच हायत," ते म्हणाले.

कॉल तुटला. मी पुन्हा लावत होते, तेव्हा ते खाली पायाकडे पाहत बोलायला लागले.

"माह्याच टपरीवर बसले होते. अर्धा चहा पेले होते. दोघं जन आले, नावानं हाक मारली. हे उठले न मले म्हने, ठेवजो अण्णाजी, आलोच. पांढऱ्या गाडीत बसले. मी कपावर बशी ठेवली. अंधार पडेपर्यंत ठेवली."

ते कोण होते, असं मी विचारलं.

"नाई ओळखलं. ओळखलं असतं तरी तवा सांगतलं नसतं, पोरी. माहे लेकरं लहान होते."

चौथ्या दिवशी माझी आई एकटी जामला आली होती, असं त्यांनी सांगितलं. चौकातल्या प्रत्येक दुकानात विचारत फिरली. सगळे नाही म्हणाले. अण्णाजींनी तिला टपरीच्या मागे नेऊन जे पाहिलं ते सांगितलं, आणि हात जोडले, की माझं नाव कुठे येऊ देऊ नका. ते पुढे म्हणाले, त्या मायनं नाही येऊ दिलं. मी वाट पाहत होतो, आज पोलीस येतील, उद्या कोर्टाचा कागद येईल. वर्ष गेलं, दुसरं गेलं. कोणी आलं नाही. टपरी चालली. पोरगी नर्स झाली.

वकिलांच्या खोलीतली फरशी मला आठवली. पांढऱ्या आणि काळ्या चौकोनांची होती. तिसऱ्यांदा विचारल्यावरही आई म्हणाली होती, कोणी नाही. मी शेजारी बसून बिस्किट खात होते. त्या कागदातली रिकामी जागा मी सतरा वर्षं माहितीची मर्यादा समजत होते. ती माझ्या आईनं ठेवलेली होती.

आणि घरातला नियम कुठून आला तेही कळलं. तिच्याजवळ 'आलोच' हा शेवटचा निरोप होता, तो आम्हाला तिनं सांगितला नव्हता, पण पाळायला लावला होता.

अण्णाजी उठले. हॉलवर जा, जेवून जा, असं मी म्हटलं. ते म्हणाले, नाही, मी कोणत्या तोंडानं जेवू. फाटकापर्यंत गेल्यावर परत वळले आणि म्हणाले, "मी काय समजून आलतो ते मायले सांगू नको. त्यायले लागन." ते निंबापर्यंत पाठमोरे दिसत राहिले.

दुपार खूप लांब होती. मी दोन वेळा घरात गेले आणि दोन्ही वेळा लगेच परत आले, कारण आतून रस्ता दिसत नाही. आधी मला हे कधी जाणवलं नव्हतं. वर्षानुवर्षं घरी थांबायची वेळ माझ्यावर आली की मी आत बसून अभ्यास केला आहे. आईला घरी कोणीतरी आहे एवढं पुरत होतं का, की तीही हे जाणून होती आणि काही बोलत नव्हती, ते मला माहीत नाही.

साडेपाचला काकांची गाडी आली. रोशनी हॉलवरूनच कारंजाला गेली होती. आई एकटी उतरली, काकांनी पातेल्यातलं जेवण आत ठेवलं आणि ते निघाले. आईच्या साडीला एका बाजूला हळद लागली होती. तिचा चेहरा थकलेला होता पण उजळलेलाही होता, आणि तो तसा पाहायला मिळाला म्हणून मला बरं वाटलं. दारात उभी राहून, एका हातानं चौकट धरून ती चप्पल काढायला लागली.

"कोनी आलतं का?"

"हो," मी म्हटलं.

मी खरं तेच बोलले होते. पण मी आधी नाव सांगायला हवं होतं आणि मग हो म्हणायला हवं होतं. सतरा वर्षांत या प्रश्नाला हो असं उत्तर तिला कधीच मिळालं नव्हतं. तिचा पाय चपलेत अर्धा तसाच राहिला. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, माझ्या मागे आत पाहिलं, खोलीत, खुर्चीकडे, आणि तिचा चेहरा माझ्या आठवणीतल्या कोणत्याही आईच्या चेहऱ्याहून तरुण होता. दोन सेकंद असेल. जास्त नाही.

"जामचे अण्णाजी," मी म्हटलं.

चेहरा परत जागेवर आला. तिनं दुसरी चप्पल काढली, दोन्ही जोडून भिंतीला लावल्या.

"पत्रिका पाहून आलते," मी म्हटलं. पुढचं सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही. काय समजून आले असतील हे तिला माझ्याआधी कळलं होतं, असं मला वाटतं.

"पानी देलं का त्यायले?"

"देलं. जेवले नाई. चहाही नको म्हने."

"नाईच घेत तो," आई म्हणाली. "मी गेलतो तवाही सगळ्यायले देत होता, सोता घेत नोयता."

ती आत जाऊन तोंड धुऊन आली. साडी बदलली नाही. ओट्यावर येऊन तिच्या जागी बसली, निंबाकडे तोंड करून. मी शेजारी बसणार होते, पण तिनं हातानं आतलं दार दाखवलं.

"तू जेवून घे. दिवसभराची बसली अशीन," ती म्हणाली. "आता मी हाये."